जोड पायाकडे ठेवायचा

गोधडी कशी शिवली आहे हे बघायचं तर लोक मधली नक्षी बघतात. टाके ओळीत आहेत का, रंग जुळलेत का, आजीचं लुगडं कुठे बसवलं आणि आईचं कुठे, हे बघतात. मी आधी कडेला हात लावते. कडेच्या पट्टीला आमच्या धंद्यात गोट म्हणतात. गोट चारी बाजूंनी फिरून जिथून निघाला तिथेच परत येतो आणि तिथे त्याची दोन टोकं एकमेकांना भेटतात. शिवणाऱ्याची परीक्षा त्या जागी असते. मधली नक्षी कोणालाही जमते, वेळ आणि चिकाटी असली की झालं. जोड सगळ्यांना जमत नाही.

मी आयुष्यभर गोटच लावला. वर्ध्याहून सावंगीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एका गल्लीत आमचं घर आहे. पुढच्या खोलीत मशीन, कापड पसरायची फळी आणि गिऱ्हाइकाला बसायला एक लांब बाकडं, एवढंच माझं दुकान. आता डोळ्यांना आणि गुडघ्यांना विचारून काम घेते, म्हणजे फारसं घेत नाही. लोकांना वाटतं मी गोधड्या शिवते. तसं नाही. गोधडी, आमच्या तोंडी वाकय, बाया घरीच शिवतात. जुनी लुगडी, धोतरं, चादरी थरावर थर अंथरायच्या आणि दुपारच्या वेळी गप्पा मारत टाके घालत जायचं. पण कडेपर्यंत आल्या की त्यांचा धीर सुटतो. मग गोधडीची घडी करून माझ्याकडे येतात आणि म्हणतात, तेवढा गोट मारून द्या काकू. सगळा स्वयंपाक घरी करायचा आणि जिलबी तेवढी हलवायाकडून आणायची, तसलाच प्रकार. म्हणून मी गोटवाली काकू. माझं नाव मंदा आहे, हे गल्लीत फार थोड्यांना माहीत असेल.

हे काम मला माझ्या मोठ्या जावेनं शिकवलं. ती बोलायची कमी आणि टपल्या मारायची जास्त. नवीन सून म्हणून आले तेव्हा मला वाटायचं, पट्टी फिरवायची, शेवटी एक टोक दुसऱ्यावर चढवायचं आणि वरून शिलाई मारायची. त्यात काय एवढं? मी तसं केलं. जावेनं ती गोधडी हातात घेतली, जोडावर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "इथं काय तूर बांधून ठेवली का?" त्या जागी कापडाचे इतके थर झाले होते की सुई मोडायची बाकी होती. असा जोड नुसता दिसायलाच वाईट असतो असं नाही. पहिल्या धुण्यात त्याचं तोंड उघडतं आणि मग तिथून सगळा गोट उसवत जातो.

बाहेरच्या माणसाला कळेल असं सांगते. लांबीत दुमडलेली पट्टी लावायला सुरुवात करताना पहिलं वीतभर टोक शिवायचंच नाही, मोकळं लोंबतं सोडायचं. मग चारी बाजू फिरून यायचं आणि सुरुवातीच्या जागेच्या अलीकडे वीतभर थांबायचं. आता हातात दोन मोकळी टोकं आणि मध्ये न शिवलेली जागा. ही टोकं एकमेकांवर ठेवायची आणि पट्टी उलगडली की जेवढी रुंद, बरोबर तेवढीच एकावर एक चढतील अशी कापायची. मग दोन्ही टोकं उलगडून, सुलट बाजू समोरासमोर करून, काटकोनात धरायची आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरपी शिलाई मारायची. जास्तीचं कापड छाटायचं, शिवण नखानं दाबून उघडी करायची. मग पट्टी पुन्हा घडीत घातली की ती त्या मोकळ्या जागेत अशी बसते की जणू कधी कापलीच नव्हती. तिरप्या शिलाईमुळे थर एका जागी साचत नाहीत, वाटले जातात. सूतभर कमी कापलं तर गोधडी चुणते, सूतभर जास्त झालं तर गोट फुगतो. आणि एक टोक चुकून उलटं धरलं गेलं तर शिलाई मारून झाल्यावर कळतं की पट्टीला पीळ पडलाय. हा पीळ प्रत्येकीला पडतो. जावेलाही पडायचा, पण तेव्हा ती म्हणायची की दोरा खराब आहे.

तिचा दुसरा नियम जागेचा होता. जोड कोपऱ्यावर घ्यायचा नाही, कारण पांघरूण ओढताना हात कोपऱ्याला जातो. डोक्याकडे घ्यायचा नाही, कारण तो हनुवटीला घासतो. जोड पायाकडे, मधोमध नाही, थोडा बाजूला. तोच नियम मी शेवटपर्यंत पाळला. गोधडीला डोकं आणि पाय असतात हे हल्लीच्या पोरींना सांगावं लागतं. जी बाजू पायांना लागली ती तोंडावर घ्यायची नाही, एवढंच. आमच्याकडे हे कोणी शिकवत नाही आणि कोणी मोडतही नाही.

जोड जमायला लागला तसा मला त्याचा माज चढला. गिऱ्हाईक आलं की मी गोधडी बाकड्यावर पसरायची आणि म्हणायची, जोड शोधून दाखवा, सापडला तर चहा माझा. चहा तसाही मीच पाजत असे, पण लोकांना खेळ आवडायचा. मेडिकलला शिकणारी दक्षिणेकडची एक मुलगी होती. शिक्षण संपवून घरी जाताना मैत्रिणींच्या जुन्या टीशर्टच्या गोधडीला गोट लावून घ्यायला आली. टीशर्टचं कापड ताणतं, त्याला गोट लावणं म्हणजे वळवळत्या पोराला झबलं घालणं. जमवलं कसंबसं. ती मुलगी जोड शोधायला बसली ती उठेचना. तिची मैत्रीण रिक्षा थांबवून बाहेरून हाका मारत होती. शेवटी ही तोडक्या हिंदीत मला म्हणाली, आंटी, एकदा दाखवा ना. मी दाखवला नाही. आता वाटतं, दाखवायला हवा होता.

पवनारचे एक आजोबा नातवाच्या बारशासाठी गोधडी घेऊन आले होते, गोटाला स्वतः कातलेल्या सुताची खादी. मी म्हटलं, खादी आधी पाण्यातून काढा, ती आटते. ते म्हणाले, बारशाला कोरंच कापड लागतं, भिजवलेलं चालत नाही. मी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. शेवटी त्यांचं सूत, त्यांचा नातू, मी कोण. गोट लावून दिला. पहिल्या धुण्यानंतर ते गोधडी काखेत मारून हजर. कडा आटून मध्ये फुगा आला होता. "मंदाबाई, हे टोपलं झालं," ते म्हणाले. मी गोट उसवला आणि उरलेलं कापड त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी ते माझ्या बादलीत बुडवलं, पण बुडवताना तोंड दुसरीकडे केलं होतं. हाताचं सूत आटताना त्यांना बघवत नव्हतं. मला त्यांचं हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

अशी माणसं पुष्कळ आली आणि गेली. त्यांच्या गोधड्या माझ्या लक्षात आहेत, चेहरे फारसे नाहीत. एक गोधडी मात्र अशी होती की ती परत परत येत राहिली, आणि ती का येते हे मला कळत नव्हतं. तिच्याबद्दल लिहायचं म्हणूनच मी हे लिहायला बसले.

आमच्या मागच्या गल्लीत वनिता राहते. दवाखान्यात आयाचं काम करते. आठवडा दिवसाची ड्यूटी, आठवडा रात्रीची. नवरा ट्रकवर, घरी कधी येईल तेव्हा येईल. तिचं माहेर आर्वीकडचं रोहणा. तिथे तिची आई, गिरजामाय, एकटी राहायची. काचबिंदूनं तिची नजर गेली होती. उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच कळायचं, आणि गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी ती आपल्या घरात भिंतीला हात न लावता फिरायची. मग एक दिवस न्हाणीत पडली आणि शेजारणीला कळेपर्यंत तिथेच पडून राहिली. हाड मोडलं नाही हे नशीब. वनिता गेली आणि तिला घेऊन आली.

लेकीच्या घरी आई कायमची राहत नाही, असं मानणारी ती बाई. आली ती पाहुणी म्हणूनच. पिशवी भरलेली तशीच खाटेखाली. वनितानं तिला बरं वाटावं म्हणून तिच्याच जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली, ड्यूटीवरून आल्यावर जसा वेळ मिळेल तशी. ती गोटासाठी माझ्याकडे आली. लुगडी मऊ होती, हात चांगला होता. मी जांभळा गोट लावला, जोड पायाकडे. वनितानं शोधला, सापडला नाही, चहा पिऊन गेली.

चार दिवसांनी परत. म्हणाली, मायले पसंत नाई पडली, म्हणते ही चुकली. काय चुकलं ते सांगत नाही म्हणे. मी गोधडी पसरली, चारी कोपरे बघितले, गोट कुठे ताणला आहे का बघितलं. काही नाही. इस्त्री फिरवून दिली. वनिता घेऊन गेली.

पुन्हा परत आली तेव्हा मला राग आला. माझं काम परत यायची मला सवय नव्हती. कदाचित गोटाचं कापड म्हातारीला खरखरीत लागत असेल, असं म्हणून मी सगळा गोट उसवला आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या वायलची पट्टी लावली. आणि इरेला पेटून जोड असा बारीक केला की खाली ठेवून उठले आणि मलाच सापडेना. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. वनिता गोधडी न्यायला आली तेव्हा मात्र ती खूश नव्हती. म्हणाली, माय रात्रीची गोधडी घेतच नाही. पायाशी घडी तशीच असते आणि ही लुगड्याचा पदर अंगाभोवती घेऊन झोपते. पौषातली थंडी. आणि संक्रांत झाली की तिला रोहण्याला न्यायला तिचा भाचा गाडी घेऊन येणार होता. गिरजामायनं शेजाऱ्याच्या फोनवरून परस्पर त्याला निरोप दिला होता.

"मायले माह्या घरचं काईच चालत नाई काकू," वनिता म्हणाली. "तिथं पुन्हा पडली तर मले कोण सांगन?"

मी तिला म्हटलं, आईलाच घेऊन ये. धंद्यात शेवटचा उपाय हाच असतो, ज्याचं अंग त्यालाच विचारायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी आल्या. गिरजामाय लहानखुरी होती, एका हातानं लेकीचा दंड धरलेला, पण चालणं ताठ. तिला बाकड्यावर बसवलं आणि गोधडी मांडीवर दिली. मी म्हटलं, माय, बघा काय चुकलं ते. तिनं गोधडीच्या मधल्या भागाला हातच लावला नाही. सरळ कड धरली. एका हातात कड, दुसऱ्या हाताची दोन बोटं आणि अंगठा तिच्यावरून सरकत चाललेले, सावकाश. एक बाजू झाली, कोपरा आला, दुसरी बाजू. पूर्ण फेरा झाला. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी आणि वनिता बघत होतो. मला वाटलं, बाई माझं काम तपासतेय, आणि मी मनातून जरा फुशारलेच.

"जोड कुठी ठेवला वं बाई?" तिनं विचारलं.

मी हसून म्हटलं, "तो सापडत नसते माय. तेच तर माहं काम हाये."

तिनं गोधडी मांडीवर टाकली.

"मंग मले कसं समजन, पाय कोणतं अन् डोकं कोणतं?"

मी गोधडी पुन्हा बघितली. गोधडीवर लुगड्यांचे काठ होते, एका बाजूला पदर होता, आम्हाला नुसतं बघून कळत होतं. तिला कडेवरूनच कळणार होतं. रोहण्याच्या घरी तिच्या गोधड्या तिच्या आईनं आणि सासूनं शिवलेल्या, सगळ्यांचे जोड जाडजूड, माझ्या जावेनं टपली मारली असती तसले. त्या जोडाला बोट लागलं की ती बाजू पायाकडे. एवढी एक खूण. ती मी खपून खपून नाहीशी केली होती, आणि दुसऱ्यांदा तर आणखी खपून.

वनितानं विचारलं, "माय, मंग मले काऊन नाई सांगतलं? मी आंगावर टाकून देली असती बराबर."

"तुले काय काय सांगू?" गिरजामाय म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पाणी कुठी, काडेपेटी कुठी, चप्पल कुठी, सारं तुलेच इचारा लागते. तू ड्यूटीले गेली का भिंतीले इचारू? माह्या घरी मी कोणाले काई इचारत नव्हती. निदान झोपतानी तरी मले नाई इचारायचं."

वनिताला वाटत होतं, आईला आपलं घर नकोसं झालंय. नकोसं झालं होतं ते विचारणं. पायाकडची बाजू तोंडावर येईल म्हणून ही बाई गोधडी अंगावरच घेत नव्हती, आणि कुठली बाजू कुठली हे विचारायला नको म्हणून थंडीत कुडकुडत होती. मला तेव्हा फार वाईट वाटलं. माझं काम चुकलं म्हणून नाही, काम बरोबरच होतं. ते बरोबर असल्यामुळेच वाईट वाटलं.

मी गोधडी ओढून घेतली आणि जोड उसवायला बसले. आधी तो शोधावा लागला. उसवून दोन्ही टोकं मोकळी केली आणि म्हटलं, आत्ता जाड करून देते. बसले मशीनवर. आणि सांगते, वाईट काम करणं वाटतं तेवढं सोपं नाही. टोकावर टोक चढवलं, पण हातानं आपोआप एक घडी कमी घेतली. शिलाई मारली, ती सरळच आली. गिरजामायच्या हातात दिलं. तिची बोटं त्यावरून निघून गेली, थांबली नाहीत. पुन्हा उसवलं. या वेळी मुद्दाम जाडा दोरा घेतला, तर शेवटी नखानं शिवण दाबून सपाट केली. नख कधी गेलं ते मला कळलंही नाही. वनिता एवढ्या अवघड वेळीसुद्धा हसली.

"आण इकडं," गिरजामाय म्हणाली. "सुईत दोरा तेवढा ओवून दे. बाकीचं मी पाहीन."

मी जाड सुईत दुहेरी दोरा ओवून दिला. तिनं दोन्ही टोकं चाचपली, एक दुसऱ्यात खुपसलं, वरून पुन्हा दुमडलं आणि सुई घातली. डाव्या हाताचं बोट सुईच्या पुढे पुढे चालायचं आणि सुई बरोबर त्याच्या मागून यायची. टाके वेडेवाकडे, पण घट्ट. शेवटी दोरा त्याच जागी गुंडाळून तिनं एक गाठ मारली आणि ती आत न दडवता वरच ठेवली. मी ज्या जोडासाठी टपली खाल्ली होती, तसाच तो जोड होता. आमच्या दुकानात त्याहून वाईट जोड झाला नसेल.

मग तिनं गोधडी झटकली, कड धरून बोटं सरकवत गेली, गाठ लागली तशी थांबली. ती बाजू पायाकडे सोडली, दुसरी बाजू वर ओढली आणि भर दुपारी, माझ्या दुकानाच्या बाकड्यावर, गळ्यापर्यंत गोधडी घेऊन बसली. कोणाला काही विचारलं नाही. मी चहा ठेवला. चहा पिताना तिनं मला विचारलं की माझं माहेर कुठलं, आणि मी सांगितलं तर म्हणाली, तिकडची ज्वारी चांगली. गोधडीबद्दल पुन्हा काही बोलली नाही. जाताना वनितानं हात पुढे केला, तो तिनं धरला.

यानंतर मला बरेच दिवस कळलं नाही काय झालं ते. संक्रांत झाली. गल्लीत एक दिवस कोणाची तरी गाडी उभी दिसली, दुपारनंतर नव्हती. मी समजले, म्हातारी गेली. वनिताकडे जाऊन विचारावं असं मनात यायचं, पण पाय उचलत नव्हता. एका गाठीनं माणूस थांबत नाही, एवढं मला कळत होतं. घर आपलं नाही म्हटल्यावर गोधडी आपली असून काय उपयोग? आणि वनिताला तिच्या तोंडून ते सांगायला लावणं मला नको होतं. त्या दिवसांत आलेल्या कामांत जोड लावताना माझा हात जरा अडखळायचा. बारीक करायचा तर कोणासाठी, असा प्रश्न मला आधी पडला नव्हता. गिऱ्हाइकाला जोड शोधायला लावायचा खेळ मी तेव्हापासून बंद केला.

थंडी सरत आली तेव्हा वनिता आली. काखेत गोधडी. वाटलं, आईची परत आणली, आता हिला लहान करून द्या म्हणेल. पण ती दुसरीच होती, वनिताची स्वतःची, पंख्याखाली घ्यायची पातळ गोधडी. गोट मीच लावलेला, कधीतरी आधी. ती म्हणाली, याचा जोड उसवा काकू.

मी विचारलं, कशाला?

"मी नाइट करून येतो अन् दिवसा झोपतो ना," वनिता म्हणाली. "तं माय येते अन् माह्या अंगावर पांघरूण टाकते. पण माह्या गोधडीचं पायाकडचं तिले समजत नाई. मले हालवून उठवते अन् इचारते, वने, पाय कोणीकडं? मी म्हटलं, माय, कशीबी टाक, मले झोपू दे. तं म्हणते, कशीबी काऊन टाकू? पायाकडचं लेकराच्या तोंडावर टाकू का?"

भाचा आला होता म्हणे. गिरजामायनं त्याला जेवू घातलं, तीळगूळ बांधून दिला आणि रोहण्याच्या घरचा पाटा-वरवंटा पुढच्या खेपेला घेऊन येजो असं सांगून परत पाठवला.

मी गोधडी मशीनवर घेतली, माझाच जोड बराच वेळ शोधला आणि उसवला. दोन्ही टोकं मोकळी केली आणि तशीच सोडली. जाड सुईत दुहेरी दोरा ओवून ती सुई गोटात टोचली, घडी घातली आणि वनिताच्या हातात दिली. माझ्या दुकानातून अर्धवट काम बाहेर गेलं ते तेवढंच, आणि ते परत आलं नाही.